मन नसतानाची सोबत

प्रवासाची आवड नसणे हा आजच्या काळात जवळजवळ स्वभावदोष मानला जातो. एखाद्याला गोड आवडत नाही असे कळले, तर लोक त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. संगीत आवडत नाही म्हटले, तर ज्याची त्याची रुची म्हणून सोडून देतात. परंतु 'मला प्रवास आवडत नाही' असे म्हणणाऱ्याकडे मात्र कीव केल्यासारखे पाहिले जाते. जग पाहण्याची संधी चालून आली असता घराच्या ओट्याला चिकटून बसणारे हे माणूस, असा त्या पाहण्याचा अर्थ असतो. अशा माणसाच्या वाट्याला जर दुसऱ्या कोणाच्या कामासाठी करावयाचा प्रवास आला, म्हणजे पतीच्या किंवा पत्नीच्या व्यवसायासाठी गावोगाव जाताना केवळ सोबत म्हणून निघणे आले, तर त्याची अवस्था विचित्र होते. प्रवास त्याने निवडलेला नसतो. जावयाचे गाव त्याने निवडलेले नसते. आणि तेथे पोहोचल्यावर त्याला करावयाचे असे काही कामही नसते. तरीही तो जातो. या जाण्याला काय म्हणावे? हे प्रेम आहे, कर्तव्य आहे, की केवळ नकार देण्याचे धैर्य नसणे आहे? मन नसताना केलेली सोबत ही सोबत ठरते काय? या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझे पती वसईहून कापड-प्रक्रियेच्या यंत्रांना लागणाऱ्या सुट्या भागांचा व्यापार करतात. पंप, व्हॉल्व्ह, सील अशा वस्तू रंगाईच्या व धुलाईच्या कारखान्यांना लागतात आणि असे कारखाने इचलकरंजी, सोलापूर, सुरत, तिरुपूर अशा गावी आहेत. २०१७ साली त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. 'काम करा, पण लांबच्या प्रवासाला एकटे जाऊ नका,' असे डॉक्टरांनी बजावले. मी त्याच्या आदल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते. मुले परदेशी. तेव्हा सोबत कोणी जावयाचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. तो विचारण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले होते.

मला प्रवास मनापासून नकोसा वाटतो. हे मी तक्रार म्हणून नव्हे, तर विचाराला लागणारी एक वस्तुस्थिती म्हणून सांगते. सकाळी उठून विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकणे, वाडीतल्या केळींना पाणी गेले की नाही हे पाहणे, शेजारच्या आळीत राहणाऱ्या वृद्ध आईकडे दहा वाजता जाऊन बसणे, सायंकाळी दोन मुलींना व्याकरण शिकवणे, एवढ्यात माझा दिवस भरून जातो आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा की, घरी राहण्याच्या या ओढीला काही नैतिक मान आहे, की ती नुसती आळसाची दुसरी बाजू आहे?

मानवी परंपरेने या बाबतीत दोन्ही बाजूंना मान दिलेला आहे. महाराष्ट्रात तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना स्वदेश सोडण्याचा व फिरत राहण्याचा उपदेश केला, कारण ओळखीची जागा व ओळखीची माणसे हेच बंधनाचे पहिले धागे होत, अशी त्यांची धारणा होती. बौद्ध भिक्षू फिरत. परंतु पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहून वर्षावास पाळत. याउलट युरोपात सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांकडून ज्या प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत एकाच मठात स्थिर राहण्याची प्रतिज्ञा होती. आणि मठामागून मठ फिरत पाहुणचार झोडणाऱ्या संन्याशांवर त्यांनी आपल्या नियमावलीत कडक टीका केली. जागा बदलत राहिल्याने माणसाला स्वतःपासून पळ काढता येतो. एका जागी राहिले की शेजाऱ्याशी, ऋतूंशी आणि स्वतःशी गाठ पडतेच, असा त्यामागचा विचार असावा. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट कोनिग्सबर्ग शहर आणि त्याच्या परिसराबाहेर जन्मभर गेला नाही; तरी मानवजातीला लागू पडेल अशा नीतिनियमाचा शोध त्याने तेथेच बसून घेतला. तेव्हा घरी राहू इच्छिणारा माणूस हा कमी प्रतीचा माणूस नव्हे. त्याने जेव्हा दुसऱ्यासाठी घर सोडले, तेव्हा त्याने खरोखरीची किंमत असलेली वस्तू सोडली, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याशिवाय पुढचा विचारच होऊ शकत नाही. ज्याला घर सोडणे हाच आनंद आहे, त्याने सोबत जाणे आणि ज्याला ते कष्टप्रद आहे त्याने जाणे, या दोन वेगळ्या कृती आहेत, जरी दोघांच्या तिकिटांवर एकच गाव छापलेले असले तरी.

सोबत्याच्या प्रवासात आणखी एक वैशिष्ट्य आहे. यात्रेकरू देवासाठी जातो, व्यापारी व्यापारासाठी, रोगी औषधासाठी. सोबत्याला मात्र स्वतःचा हेतू नसतो. लॉजच्या नोंदवहीत नाव, गाव, वय, येण्याचे कारण असे रकाने असतात. माझे पती 'व्यवसाय' असे लिहितात. त्याच ओळीत पुढे 'सोबत' हा रकाना असतो आणि त्यात एकचा आकडा पडतो. तो आकडा म्हणजे मी. नोंदवहीला माझ्याकडून कारणाची अपेक्षा नसते. कारखान्याच्या कार्यालयातही तसेच घडते. 'वहिनी, बसा, चहा घ्या,' असे म्हणून मंडळी आदराने खुर्ची पुढे करतात आणि मग बोलणे दर, उधारी, सील किती दिवस टिकले याकडे वळते. त्यात कोणाचा उद्धटपणा नसतो. ज्याला काम नाही त्याच्याशी काय बोलावे, हे कोणालाच सुचत नाही, इतकेच.

अशा बसण्यात डोळे मात्र मोकळे असतात. इचलकरंजीच्या गल्ल्यांतून चालताना घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी त्या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून त्या आवाजावर ते गाव वाढले आहे. दारात बसून कांड्या भरणाऱ्या स्त्रिया त्या आवाजातही एकमेकींशी बोलतात आणि त्यांना ते ऐकू येते. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली पद्मशाली विणकर कुटुंबे घरात तेलुगू आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलतात. तिरुपूरला जावयास जवळपास दीड दिवस रेल्वेत बसावे लागते. तेथे २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगाईचे कारखाने बंद झाले होते, कारण त्यांच्या रंगीत सांडपाण्याने नोय्यल नदी नासली होती. त्या दिवसांची आठवण तेथील माणसे आजही काढतात: मजूर गावी परतले, मालकांची देणी थकली, आणि खालच्या अंगाचे शेतकरी मात्र उशिरा का होईना न्याय झाला असे म्हणाले. हे सर्व मी पाहिले व ऐकले. त्यातून मला पुष्कळ कळले. तथापि या कळण्याने माझी नावड नाहीशी झाली, असे सांगितले तर ते खरे होणार नाही. प्रवासाने ज्ञान मिळते म्हणून प्रवास आवडू लागतो, हा नियम नव्हे. औषधाने गुण येतो म्हणून ते गोड लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मनाविरुद्ध केलेली गोष्ट आपण स्वेच्छेने केली असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा फार जुना व फार स्वच्छ विचार ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात केला आहे. तो वादळात सापडलेल्या गलबताचे उदाहरण घेतो. गलबत बुडू नये म्हणून तांडेल माल समुद्रात फेकून देतो. माल फेकणे ही काही कोणाला आवडणारी गोष्ट नव्हे. शांत समुद्रात कोणताही शहाणा माणूस तसे करणार नाही. तरीही त्या घडीला तो माल फेकण्याचेच निवडतो. त्याचे हात दुसऱ्या कोणी धरून हलवीत नाही. अशा कृतींना ॲरिस्टॉटल मिश्र म्हणतो, परंतु त्यांचा कल स्वेच्छेकडे अधिक आहे, असा निर्वाळा देतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच विचाराला दुजोरा दिला: अशी कृती एका अंगाने अनिच्छेची असली, तरी प्रत्यक्षात, त्या वेळच्या सर्व परिस्थितीत, ती इच्छेचीच कृती होय.

यावरून एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. नावड आणि अनिच्छा या एक नव्हेत. मला प्रवास आवडत नाही, ही माझी रुची झाली. मी जावयाचे ठरविते, ही माझी इच्छा झाली. रुचीवर आपला ताबा नसतो, इच्छेवर असतो. ज्याला आपण बोलीत 'मन नसताना जाणे' म्हणतो, त्यात रुची मागे राहिलेली असते आणि इच्छा पुढे गेलेली असते. तेव्हा अशा सोबत्याला फरफटत नेलेला म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि त्याने स्वतः स्वतःला तसे म्हणवून घेणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

परंतु एवढ्याने दुसरा प्रश्न सुटत नाही. कृती स्वेच्छेची ठरली, तरी तिचे मोल किती? येथे दोन थोर विचारवंत परस्परांच्या समोर उभे राहतात. कान्टने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, ज्याला दुसऱ्याचे भले करण्यात सुखच वाटते, त्याची कृती स्तुत्य असली तरी तिला खास नैतिक मोल नाही. मात्र स्वतःच्या दुःखाने ग्रासलेला, दुसऱ्याविषयी कोणतीही ओढ न उरलेला माणूस जेव्हा केवळ कर्तव्य म्हणून मदतीला उठतो, तेव्हा त्याच्या कृतीचे खरे नैतिक मोल प्रकट होते. या न्यायाने हौसेने सोबत जाणाऱ्यापेक्षा मन नसताना जाणारा श्रेष्ठ ठरेल. कवी शिलर याने या मताची थट्टा केली. तेव्हा काय, मित्रांना मदत करण्यापूर्वी आधी त्यांचा तिटकारा करावयास शिकावे की काय, अशा आशयाचा त्याचा टोला होता. ॲरिस्टॉटलचे मत याच्या अगदी उलट आहे. चांगली गोष्ट करताना ज्याला आनंद होत नाही, तो अजून चांगला माणूस झालेला नाही. तो फार तर स्वतःला आवरू शकणारा माणूस आहे. स्वतःला आवरणे ही सद्गुणाच्या वाटेवरची पायरी आहे, मुक्कामाचे ठिकाण नव्हे.

संसाराचा अनुभव असणाऱ्या कोणालाही या दोन्ही मतांत काही तरी खरे आणि काही तरी अपुरे वाटेल. कान्टचे म्हणणे खरे अशासाठी की, आवड संपल्यावरही जे टिकते त्यालाच निष्ठा म्हणतात. आवडीवर उभा असलेला संसार पहिल्या आजारपणातच डळमळू लागेल. परंतु त्याचे म्हणणे अपुरे अशासाठी की, 'मी हे केवळ कर्तव्य म्हणून करीत आहे' असे जर माझ्या पतींना रोज जाणवू लागले, तर त्यांना सोबत मिळणार नाही, पहारा मिळेल. ॲरिस्टॉटलचे म्हणणे खरे अशासाठी की, कपाळाला आठी घालून केलेली सेवा घेणाऱ्याला टोचते. परंतु आनंद नेमका कशाचा व्हावा, याचा खुलासा येथे हवा. मला गाडीच्या डब्याचा, लॉजच्या उशीचा, परक्या गावच्या पाण्याचा आनंद झालाच पाहिजे, असे नाही. ज्याच्यासाठी मी गेले, तो माणूस सुखरूप आहे, याचा आनंद झाला तरी पुरे. नावड प्रवासाची असावी, माणसाची नसावी. जेथे प्रवासाची नावड हळूहळू माणसाकडे सरकू लागते, तेथे धोका सुरू होतो.

शुभवर्तमानातील दोन मुलांचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बाप दोघांना मळ्यात कामाला जावयास सांगतो. एक नाही म्हणतो व मागाहून जातो. दुसरा होय म्हणतो व जात नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर सर्वांना ठाऊक असते. या दाखल्याकडे आपण बहुधा दुसऱ्या मुलाला दोष देण्यासाठी पाहतो. परंतु पहिल्या मुलाकडेही थोडे थांबून पाहावे. त्याने आपले मन लपविले नाही. 'मला यावयाचे नाही' हे तो बापाच्या तोंडावर बोलला. आणि तरीही गेला. त्याचा नकार त्याच्या जाण्याच्या आड आला नाही. उलट त्यामुळेच ते जाणे त्याचे स्वतःचे झाले.

येथून तिसरा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण आहे. आपले मन नाही, हे जोडीदाराला सांगावे की लपवावे? आपल्या आयाआजींची शिकवण लपविण्याची होती. दिलेले दान बोलून दाखविले की त्याचे पुण्य जाते, असे त्या म्हणत. यात तथ्य आहे. परंतु न बोललेल्या त्यागाला एक वाईट खोड असते: तो मनातल्या मनात खाते उघडतो. प्रत्येक प्रवास, प्रत्येक जागरण, आईला एकटे सोडून निघालेली प्रत्येक सकाळ त्या खात्यात जमा होते. आणि ज्याच्या नावावर हे कर्ज चढत असते, त्याला त्याचा पत्ताही नसतो. मग पाच-दहा वर्षांनी एखाद्या क्षुल्लक भांडणात ते सारे खाते व्याजासह त्याच्यापुढे उघडले जाते. ज्याने कर्ज मागितले नाही, ज्याला ते कर्ज आहे हेच माहीत नव्हते, त्याच्याकडून वसुली करणे हा न्याय कसा होईल? दान लपवावे, कर्ज लपवू नये. आपण देत आहोत ते दान आहे की कर्ज, हे ज्याचे त्याने आधी ओळखले पाहिजे.

उलट, वारंवार बोलून दाखविणे हेही तितकेच वाईट. जाताना, येताना, जेवताना 'तुमच्यासाठी म्हणून आले' असे ऐकवीत राहणे म्हणजे सोबतीचे भाडे आकारणे होय. तेव्हा मार्ग मधला आहे: एकदा, स्पष्टपणे, शांत वेळी सांगावे, आणि सांगून झाल्यावर जाण्याचे ठरले, तर मग तोंड वाकडे करू नये.

तिसऱ्या फेरीच्या आधी मी यजमानांना असेच सांगितले. म्हटले, "तुमच्याबरोबर यावयास माझी हरकत नाही, पण मला प्रवास आवडत नाही, हे तुम्हांला ठाऊक असावे. पुढे कधी मी चिडले, तर ती गाडीवर चिडले आहे असे समजा." ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू येऊ नकोस म्हणावे, तर एकट्याने भीती वाटते. ये म्हणावे, तर लाज वाटते. दोन्ही सांगवत नव्हते." तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते की, ज्याला सोबत लागते त्याचीही एक अनिच्छा असते. पन्नास वर्षे स्वतःची पिशवी स्वतः उचललेल्या पुरुषाला बायकोच्या देखरेखीखाली गिऱ्हाइकाच्या दारात जाणे सोपे नसते. आम्ही दोघेही मन नसताना निघत होतो. फरक इतकाच की, दोघांची कारणे निराळी होती. त्या बोलण्यातून काही व्यावहारिक गोष्टी ठरल्या. वर्षाला चारच फेऱ्या. पावसाळ्यात एकही नाही. सुरत जवळ म्हणून तेथे दुकानातला मुलगा बरोबर जाईल. खाते उघडण्याऐवजी करार झाला, आणि करारात दोन्ही बाजूंना मान असतो.

कोणी विचारील की, फोनच्या या काळात जावयाचेच कशाला? २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले. प्रवास बंद पडले आणि मी खरोखर सुखात होते. माझे यजमान मात्र रोज सकाळी वही घेऊन ओट्यावर बसत व एकेका गावी फोन लावीत. माल पाठविता येई, दर ठरविता येई. उधारी मात्र वसूल होईना. फोनवर 'पुढच्या आठवड्यात' म्हणणारा माणूस समोर येऊन बसला की चेकवर सही करतो, हा लहान व्यापारातला जुना अनुभव आहे. विश्वासाला चेहरा लागतो. शिवाय, काम हे त्यांच्यासाठी केवळ पैशाचे साधन नाही. आपली अजून कोठे तरी वाट पाहिली जाते, याचा तो पुरावा आहे. हे ओळखल्यावर 'आता पुरे करा' असे म्हणण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याचे उत्तर मला अजून पूर्णपणे देता आलेले नाही. त्यांचे काम आणि माझे घर, या दोन्हीही खऱ्या गरजा आहेत. एक खरी आणि एक खोटी असती, तर निवाडा सोपा झाला असता.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या समाजात पत्नीने पतीमागे जाणे हे बोलण्यासारखे काही मानले जात नाही. पतीने पत्नीमागे जाणे मात्र एक तर कौतुकाचा विषय होतो किंवा टिंगलीचा. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या परिचारिकांच्या मागे त्यांचे पती गेले, तेव्हा 'बायकोच्या जिवावर गेला' असे शब्द आपल्या ओट्यांवर उच्चारले गेलेच ना? तीच गोष्ट स्त्रीने केली की तिला धर्म म्हणतात. जेथे नकाराची मुभाच नाही, तेथे होकाराला नैतिक मोल कसे येणार?

मराठीत या विषयाचा विचार करण्यास दोन थोर स्त्रियांची आत्मचरित्रे आपल्याला मोठी मदत करतात. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत न्यायमूर्तींच्या फिरतीची वर्णने आहेत. शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीच्या १८७९ च्या कायद्याच्या कामासाठी न्यायमूर्ती गावोगाव जात आणि रमाबाई बरोबर असत. त्या फिरतीत त्यांचे शिक्षण थांबले नाही. पुढे कलकत्त्याच्या मुक्कामात तर बंगाली भाषाही त्या घरात शिरली, आणि ती शिकण्यासाठी दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याचीही मदत न्यायमूर्तींनी घेतली. म्हणजे ज्याच्याबरोबर जावयाचे, त्याने आपल्या सोबत्याला नोंदवहीतला आकडा होऊ दिले नाही. सोबत मागणाऱ्याचेही एक कर्तव्य असते, ते हे.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला रेव्हरंड टिळकांच्या लहरी निघण्यापुढे, मोडलेल्या व पुन्हा मांडलेल्या बिऱ्हाडांपुढे हसावे की रडावे, हे समजत नाही. लक्ष्मीबाई स्वतः मात्र हसण्याचा मार्ग निवडतात. परंतु १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला आल्यावरही आपले आचार सांभाळून राहिल्या. आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाची वाट स्वतः चालून. ज्या स्त्रीला थांबता आले, तिचेच येणे हे खरे येणे ठरले. सोबत म्हणजे मागे जाणे नव्हे, हे त्यांच्या आयुष्यातून जितके कळते, तितके कोणत्याही प्रवचनातून कळणार नाही.

आता राहिला तो घरी मागे राहणाऱ्यांचा प्रश्न. माझी आई नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. मी निघण्याच्या आदल्या दिवशी ती एवढेच विचारते, "बाय, परत निघालीस?" त्यात राग नसतो, म्हणूनच ते जड जाते. एकाची सोबत करणे म्हणजे दुसऱ्या कोणाची सोबत सोडणे असते, हे सोबतीविषयी गोड बोलणारे लोक विसरतात. दोन कर्तव्ये एकाच वेळी दाराशी उभी राहिली असता कोणते आधी, याचे सूत्र मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. भावजय आईजवळ राहते, म्हणून मी जाऊ शकते. म्हणजे माझ्या सोबतीच्या मागे आणखी एका स्त्रीची सोबत उभी आहे, जिचे नाव कोणत्याही नोंदवहीत पडत नाही. तिलाही तिचे मन विचारले पाहिजे, आणि आम्ही ते विचारतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी उपस्थितीचा फार सूक्ष्म विचार केला आहे. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉसच्या कार्यालयात बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे. परंतु चौकशीला आलेल्या आईसमोर ते कार्ड राहत नसे, माणूस होई. एकाच खोलीत बसलेला माणूसही आपल्यापाशी नसू शकतो आणि दूरचा माणूस जवळ असू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दुसऱ्यासाठी मोकळे असणे, त्याच्या हाकेला आपल्या मनात जागा असणे, याला ते उपलब्धता म्हणतात. या कसोटीवर पाहिले, तर शेजारच्या आसनावर बसून मनात सतत घराचा हिशेब करणारा सोबती हा उपस्थित नाही. आणि घरून रात्री नऊ वाजता फोनवर 'गोळी घेतली का?' एवढेच विचारणारा कदाचित अधिक उपस्थित असेल. म्हणून सर्वांनी सर्वत्र बरोबर जावे, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. जेथे शरीराने जाण्याची गरज आहे, तेथे जावे. आणि गेल्यावर मनानेही पोहोचावे.

सोबत या शब्दाचे मूळ अरबी 'सोहबत' या शब्दात आहे. संगतीत असणे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीतील 'कंपॅनियन' हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याच्या पोटात भाकरीसाठीचा लॅटिन शब्द दडलेला आहे: ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो. या दोन्ही शब्दांत प्रवासाची हौस कोठेही सांगितलेली नाही. परक्या गावी, दिवसभराच्या वसुलीने थकलेला एक माणूस आणि दिवसभराच्या बसण्याने थकलेली एक बाई रात्री एका टेबलाशी जेवतात, तेव्हा त्या दोन्ही शब्दांचा अर्थ पुरा होतो. प्रेमाने प्रत्येक गोष्ट आवडती होते, असे म्हणणारे म्हणोत. माझ्या समजुतीप्रमाणे प्रेमाचे काम ते नव्हे. नावडती गोष्ट नावडतीच राहते, आणि तरीही ती करणे शक्य होते. नावड लपवावी लागत नाही, आणि तिचे भांडवलही करावे लागत नाही. ज्या घरात एकमेकांना 'मला यावयाचे नाही' असे निर्भयपणे सांगता येते, त्याच घरातील 'चला, येते' या शब्दांवर विसंबून राहता येते. आपापल्या घरी हे दोन्ही शब्द मोकळेपणाने उच्चारता येतात काय, एवढे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.